दोन नावांमधले मौन

शशी देशपांडे यांचा जन्म १९३८ चा, धारवाडचा. वडील कन्नड नाटककार श्रीरंग, आई मराठीभाषक, दीर्घ वास्तव्य बेंगळुरूत आणि लेखन इंग्रजीत. त्यांच्या ‘दॅट लाँग सायलेन्स’ (१९८८) या कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी पीटर सॅलोवे व जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना मांडली. स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यानुसार विचार व वर्तन यांना दिशा देण्याची क्षमता, असा तिचा आशय. दुसऱ्याचे मन ओळखणारी व्यक्ती स्वतः सुखी का नसते, हा या संकल्पनेला भिडणारा प्रश्न कादंबरीने आधीच उभा केला होता.

वडिलांनी ठेवलेले ‘जया’ हे नाव विजयसूचक. लग्नात पतीने दिलेले ‘सुहासिनी’. मोहनच्या कपाळावरची आठी सुहासिनीला क्षणात कळते, आणि ती गप्प होते. पारितोषिक मिळालेल्या आपल्या कथेने तो दुखावला, एवढ्यावरून ती तसे लेखन सोडते आणि ‘सीता’ या सदरातील निरुपद्रवी विनोदाकडे वळते. भावना ओळखण्याचे कौशल्य तिच्यापाशी आहे. मात्र ते भीतीच्या सेवेत रुजू झाले आहे. स्वतःचा राग तिला ओळखू येत नाही. तो दाखवून द्यावा लागतो कामतांना. त्याच कामतांच्या मृत्यूसमयी ती मुकाट्याने निघून जाते. आत्मभान हरवले, की करुणाही लुळी पडते, हे या प्रसंगातून प्रत्ययाला येते.

मराठी घरांतली काऊ-चिऊची गोष्ट येथे नव्या अर्थाने येते. दार लावून बाळाला न्हाऊमाखू घालणारी चिमणी सुरक्षित असते. पण त्या सुरक्षिततेला स्वास्थ्य म्हणता येईल काय, अशी शंका जयाला येते.

निवेदन सर्वस्वी जयाचे असल्याने मोहनचे अंतरंग मात्र वाचकाला तिच्याच नजरेतून दिसते. मोलकरीण जीजाचे मौनही पार्श्वभूमीलाच राहते. ही मर्यादा मान्य करावी लागते. तथापि जया आपल्या मौनाचा दोष केवळ पतीवर टाकत नाही, त्यातला स्वतःचा वाटा उचलते. ती घर सोडत नाही, बोलण्याचे ठरवते. त्या बोलण्याने सुख लाभेलच, अशी ग्वाही लेखिका देत नाही, आणि कादंबरीचा प्रामाणिकपणा त्यातच आहे.