‘बंद पडले’ या क्रियापदाचा हिशेब : ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ यांच्या अर्थव्यवहाराची भाषा

मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासग्रंथांत एक वाक्य इतक्या वेळा आढळते की, त्याकडे वाचकाचे लक्षही जाईनासे झाले आहे. ‘पुढे आर्थिक अडचणींमुळे हे पत्र बंद पडले’, हे ते वाक्य. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. विवेचन म्हणून मात्र ते जवळजवळ रिकामे आहे. ‘बंद पडणे’ हे अकर्मक क्रियापद होय. घड्याळ बंद पडते, गिरणी बंद पडते, तसे पत्र बंद पडते. त्यात कर्ता नाही, म्हणून जबाबदारीही नाही. ‘अडचणी’ हे अनेकवचनही तितकेच सोयीचे आहे. कोणती अडचण, किती रुपयांची, जमेच्या कोणत्या रकमेअभावी, याचा उलगडा करण्याचे दायित्व त्या अनेकवचनात विरून जाते. डॉ. भीमराव आंबेडकर यांच्या ‘मूकनायक’ (१९२०) आणि ‘बहिष्कृत भारत’ (१९२७) या दोन पाक्षिकांविषयी हेच वाक्य लिहिले गेले आहे. या दोन पत्रांपुरते तरी ते सोडून द्यावयास हवे, कारण त्यांतील दुसऱ्या पत्राच्या संपादकाने ही ‘अडचण’ स्वतः अत्यंत नेमक्या शब्दांत मांडून ठेवली आहे.

प्रथम जमेची बाजू पाहू. कोणत्याही लहान पत्राच्या वार्षिक जमाखर्चात जमेच्या सदरी चार बाबी संभवतात : वर्गणी, किरकोळ विक्री, जाहिराती आणि देणग्या. खर्चाच्या सदरी कागद, छपाई, टपालहशील, जागेचे भाडे व नोकरांचे पगार येतात. दलित समाजाच्या पत्रांपुढे जमेच्या या चार दारांपैकी एक दार आरंभापासूनच जवळजवळ बंद होते. ते म्हणजे जाहिरातीचे. ज्या वाचकाजवळ विकत घेण्याची ऐपत नाही, त्याच्या पत्रात दुकानदार जाहिरात कशासाठी देईल? परंतु प्रकरण येथेच संपत नाही. ‘मूकनायक’ निघणार असल्याची जाहिरात पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने घेतली नाही, असे आंबेडकरांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’त नमूद केले आहे. म्हणजे जाहिरात मिळविण्याचा मार्ग जसा बंद, तसा जाहिरात करण्याचाही बंद. अर्थशास्त्राच्या भाषेत ज्याला बाजारपेठ म्हणतात, तिच्या दोन्ही टोकांना सामाजिक बहिष्काराचा अडसर होता. ‘आर्थिक अडचण’ या शब्दप्रयोगात ही गोष्ट मावत नाही. अडचण द्रव्याची दिसते, तिचे मूळ मात्र द्रव्यात नाही.

किरकोळ विक्रीचे दारही फारसे रुंद नव्हते. एक अंक चाळीत किंवा गावच्या वस्तीत यावा, ज्याला अक्षरओळख आहे त्याने तो मोठ्याने वाचावा आणि भोवती जमलेल्यांनी तो ऐकावा, ही त्या काळच्या वाचनाची रीत होती. पत्राच्या प्रभावाच्या दृष्टीने ही रीत फार मोलाची होती. पत्राच्या गल्ल्याच्या दृष्टीने ती तोट्याची होती. वीस श्रोत्यांमागे एक प्रत खपते. ज्या पत्राचे श्रोते वाचकांहून अधिक आणि वाचक वर्गणीदारांहून अधिक, त्या पत्राचा पसारा त्याच्या जमाखर्चावरून मोजू लागल्यास मापच चुकते.

उरली वर्गणी आणि देणगी. ‘मूकनायका’चा पहिला अंक शनिवार, ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईत निघाला. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले होते. पत्राची वार्षिक वर्गणी अडीच रुपये होती. या दोन आकड्यांची तुलना सहसा कोणी करीत नाही. अडीच हजार म्हणजे एक हजार वर्गणीदारांची संपूर्ण वर्षाची वर्गणी. दुसऱ्या शब्दांत, पत्राचे वर्गणीदार जमण्यापूर्वीच एका दात्याने एक हजार काल्पनिक वर्गणीदारांची जागा भरून काढली होती. हे औदार्य निःसंशय मोठे होते. तथापि देणगीचा स्वभाव असा की, ती आरंभ करून देते, पुनरावृत्ती करीत नाही. वर्गणी दरवर्षी नव्याने येते, निदान यावी अशी अपेक्षा असते. शाहू छत्रपती ६ मे १९२२ रोजी निवर्तले. ‘मूकनायक’ १९२३ मध्ये थांबला. मधल्या काळात आंबेडकर १९२० च्या जुलैमध्ये अभ्यासासाठी लंडनला गेले होते आणि पत्राची धुरा प्रथम पांडुरंग नंदराम भटकर व नंतर ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप यांच्याकडे होती. एका दात्यावर आणि एका लेखकावर उभारलेला व्यवहार, त्यांपैकी एक परदेशी गेल्यावर आणि दुसरा दिवंगत झाल्यावर, कोणत्या पायावर उभा राहणार होता, हा प्रश्न इतिहासकारांनी विचारावयास हवा होता.

येथे ‘वर्गणी’ या शब्दाकडे थोडे अधिक लक्ष देणे अगत्याचे आहे. मराठीत पत्राच्या वार्षिक किमतीला वर्गणी म्हणतात, आणि गणेशोत्सवासाठी, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी, गावजेवणासाठी घरटी जी रक्कम जमा होते तिलाही वर्गणीच म्हणतात. पहिल्या अर्थी वर्गणी ही मोबदला आहे : इतके रुपये द्यावेत, इतके अंक घ्यावेत. दुसऱ्या अर्थी ती वाटा आहे : कार्य सर्वांचे, म्हणून त्यातील आपला भार आपण उचलावा. पहिल्या अर्थी वर्गणी थकविणारा हा बुडवा ऋणको ठरतो. दुसऱ्या अर्थी तो फार तर समाजकार्यात मागे राहिलेला मनुष्य. मालक आणि ग्राहक असे सरळ नाते असलेल्या पत्रात हा द्व्यर्थ फारसा बाधत नाही. जे पत्र एका समाजाने स्वतःसाठी चालवावयाचे असते, तेथे मात्र तो जमाखर्चाच्या मुळाशीच जाऊन बसतो. वर्गणी मोबदला मानली तर गरीब वाचकाकडून ती मागताना संकोच होतो. वाटा मानली तर ती वसूल करण्याचा अधिकार ढिला पडतो. संपादक दोन्ही अर्थांच्या मध्ये अडकतो.

ही कोंडी आंबेडकरांच्या पूर्वसूरींनाही नवी नव्हती. कृष्णराव भालेकर यांचा ‘दीनबंधु’ १८७७ मध्ये पुण्यात निघाला आणि त्याला १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत हात दिला. शिवराम जानबा कांबळे यांचे ‘सोमवंशीय मित्र’ (१९०८) व नागपूरचे किसन फागूजी बनसोडे यांची पत्रे यांचाही प्रपंच असाच होता. येथे त्यांचा केवळ निर्देश पुरे.

‘बहिष्कृत भारता’चा पहिला अंक ३ एप्रिल १९२७ रोजी, म्हणजे महाडच्या चवदार तळ्याच्या २० मार्चच्या घटनेनंतर पंधरवड्यातच निघाला. या वेळी संपादक स्वतः आंबेडकरच होते. पत्राचे चोवीस-चोवीस रकाने त्यांना बव्हंशी एकट्याने लिहून काढावे लागत. याच काळात ते वकिली करीत होते आणि १९२५ ते १९२८ या वर्षांत मुंबईतील बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवीत होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता, आणि हिंदुस्थानच्या चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांची साक्षही झालेली होती. साम्राज्याच्या चलनाचा हिशेब तपासणाऱ्या या अर्थशास्त्रज्ञाला एका पाक्षिकाच्या कागदछपाईची तोंडमिळवणी करताना कष्ट पडावेत, यात विरोधाभास दिसतो खरा. पण तो केवळ चमत्कृतीचा विषय नव्हे. जमाखर्च कसा वाचावा, हे ज्याला पक्के ठाऊक आहे, त्याने आपल्या पत्राचा जमाखर्च कोणत्या शब्दांत वाचला, हे पाहणे म्हणूनच उद्बोधक ठरते.

३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात, पत्राला बरोबर दहा महिने झाले असता, आंबेडकरांनी ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या शीर्षकाचा लेख लिहिला. या शीर्षकातील प्रत्येक शब्द तपासून पाहण्यासारखा आहे.

‘भारताचे’ ही षष्ठी त्रिविध अर्थ देते. पत्राने काढलेले, म्हणजे पत्राच्या डोक्यावर असलेले ऋण, हा एक अर्थ. पत्राचे वाचकांवर असलेले, म्हणजे वाचकांनी पत्राला देणे असलेले ऋण, हा दुसरा. आणि अवतरणचिन्हे दूर सारली की, बहिष्कृत असा जो भारत, त्याचे सर्वांवर असलेले ऋण, हा तिसरा. ताळेबंदात पहिला अर्थ देण्याच्या बाजूस जाईल, दुसरा येण्याच्या बाजूस. तिसऱ्याला ताळेबंदात जागाच नाही. एकाच विभक्तिप्रत्ययाने देणे आणि येणे ही दोन्ही पाने एकत्र शिवली गेली आहेत. हा केवळ शब्दखेळ समजणे चुकीचे होईल. ज्या पत्राच्या खर्चाच्या सदरात सर्वांत मोठी बाब, म्हणजे संपादकाची मेहनत, शून्य रुपये म्हणून दाखवावी लागते, त्या पत्राचा ताळेबंद अशाच षष्ठीने मांडावा लागतो. संपादकाने चोवीस रकाने फुकट लिहिले, या वस्तुस्थितीची नोंद रोकडवहीत होत नाही. ती ‘ऋण’ या शब्दाने करावी लागते.

मराठीतील हिशेबाची परिभाषा बहुतांशी फारसी-अरबी वळणाची आहे : जमा, खर्च, बाकी, वसूल, रक्कम, कर्ज, आणि स्वतः ‘हिशेब’ हा शब्दसुद्धा. या परिभाषेत ‘कर्ज’ असताना ‘ऋण’ हा संस्कृत शब्द का योजावा? ‘ऋण’ म्हणताच देवऋण, ऋषिऋण व पितृऋण ही जुनी त्रयी मनात उभी राहते. ही कल्पना वैदिक वाङ्मयात आहे आणि मनुस्मृतीतही आहे. महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी झाले. त्यानंतर अवघ्या चाळीस दिवसांनी, जिच्या आश्रयाने ही त्रयी रूढ झाली त्याच परंपरेतील शब्द आंबेडकरांनी आपल्या पत्राच्या देण्याला लावला. प्रथमदर्शनी ही विसंगती वाटते. ती ‘लौकिक’ या विशेषणाने निवारली आहे, आणि शीर्षकाचे सर्व सामर्थ्य या विशेषणातच आहे. देवांचे, ऋषींचे व पितरांचे ऋण हे पारलौकिक. यज्ञ, अध्ययन आणि प्रजोत्पादन यांनी ते फिटते, आणि त्यांतील यज्ञ व अध्ययन यांचा अधिकार येथील वाचकांना शास्त्राने नाकारलेला होता. याउलट लौकिक ऋण हे या लोकातले, लोकांचे, लोकांनी फेडावयाचे. शतपथ ब्राह्मणाने तीन ऋणांत मनुष्यऋणाची भर घातली होती, हे येथे जाता जाता आठवावे. मात्र ते ऋण अतिथ्यादी सत्काराने फिटणारे आहे, वर्गणीने नव्हे.

शीर्षकाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. ‘नव्हे काय?’ हा प्रश्न अपेक्षित उत्तर ‘होय’ असे गृहीत धरतो. वकिलाच्या युक्तिवादाचे ते वळण आहे. परंतु वस्तीत बसून पत्र ऐकणाऱ्या गिरणीकामगाराला ‘लौकिक ऋण’ या जोडशब्दातील अर्थाची छटा कितपत पोचली असेल, याविषयी शंका राहते. ‘लौकिक’ या शब्दाचा मराठीतील रूढ अर्थ नावलौकिक असा आहे, ही आणखी एक अडचण. आंबेडकरांची मराठी अन्यत्र इतकी रोखठोक आहे की, द्रव्य मागण्याच्या प्रसंगीच ती संस्कृतप्रचुर व्हावी, हे लक्षणीय वाटते. स्वतःसाठी न मागणाऱ्यालाही मागणे जड जाते, आणि जड गेलेले वाक्य भारदस्त होते. हा दोष व्यक्तीचा नाही; पुढारी व समाज यांच्यामधील देण्याघेण्याला मराठीत साधी, न लाजणारी परिभाषा तयार झालेली नव्हती, त्याचा आहे. ‘भीक’ आणि ‘खंडणी’ यांच्या मध्ये आपल्या भाषेने फार थोडे शब्द घडविले आहेत. बलुत्याच्या व्यवस्थेत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावाची सेवा करून धान्याच्या रूपाने हक्क मागितला आणि दया म्हणून तो स्वीकारला, त्यांच्यापुढे रोख वर्गणीचा शब्द नव्याने रुजवावयाचा होता.

‘बहिष्कृत भारत’ १५ नोव्हेंबर १९२९ पर्यंत निघत राहिले. पाक्षिकाच्या नियमाने या मुदतीत साठाहून अधिक अंक निघावयास हवे होते. प्रत्यक्षात त्याहून पुष्कळच कमी निघाले. याचा अर्थ काय? न निघालेल्या अंकामुळे कागद व छपाई यांचा खर्च वाचतो, हे खरे. परंतु वर्षाची वर्गणी भरलेल्या वाचकाला मोबदला कमी मिळतो आणि पुढील वर्षी वर्गणी देताना तो कचरतो. मोबदला या अर्थाची वर्गणी अशी आटत जाते, आणि वाटा या अर्थाच्या वर्गणीवर सगळा भार येऊन पडतो. नेमके हेच स्थित्यंतर १९२८ च्या त्या लेखात शब्दरूपाने दिसते : ग्राहकाला उद्देशून सुरू झालेला व्यवहार ऋणकोला उद्देशून बोलू लागतो. म्हणून पत्र ‘बंद पडले’ असे न म्हणता, एका माणसाच्या विनामूल्य श्रमावर ते जितके चालणे शक्य होते तितके चालविले गेले, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

असल्या उपक्रमांचा जमाखर्च आजही याच अक्षाभोवती फिरतो. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्रे चालविण्यास परवानगी मिळाली, तेव्हा तासाला पाच मिनिटांपर्यंत जाहिरातींची मुभा होती. ती वाढत २०२४ मध्ये बारा मिनिटांवर गेली. माणदेशातील म्हसवडसारख्या ठिकाणच्या केंद्रांना या मर्यादेचा अर्थ चांगला ठाऊक असणार. आंबेडकरांच्या पत्राला मिळू न शकलेले जाहिरातीचे उत्पन्न येथे आता मिनिटांत मोजून दिले जाते, आणि श्रोत्याकडून वर्गणी घेण्याची तर रीतच उरली नाही. श्रोता ऐकतो, पण देणेकरी नाही. ‘स्वावलंबन’ हा शब्द अशा संस्थांविषयी बोलताना सर्रास योजला जातो. तेथे निवेदन करणाऱ्या, गावोगाव फिरून आवाज नोंदविणाऱ्या स्त्रियांचे विनामूल्य किंवा अल्पमूल्य श्रम कोणत्या सदरात घालावयाचे, हा प्रश्न १९२८ च्या शीर्षकाइतकाच खुला आहे.

‘जनता’ हे आंबेडकरांच्या चळवळीचे पुढील पत्र २४ नोव्हेंबर १९३० रोजी निघाले. आरंभी देवराव विष्णू नाईक त्याचे संपादक होते. ते ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘प्रबुद्ध भारत’ हे नाव धारण करीपर्यंत टिकले, म्हणजे ‘मूकनायक’ व ‘बहिष्कृत भारत’ या दोन्ही पत्रांच्या एकत्रित आयुष्याच्या कितीतरी पट. या वेळी सर्व रकाने एकाच हाताने लिहावे लागत नव्हते.