गुप्त समूहाचा अभ्यास आणि अभ्यासकाचे स्थान

इंटरनेटवरील बंदिस्त समूह हे सांस्कृतिक संशोधनाचे साधन होऊ शकतात काय, या प्रश्नाची चर्चा गॅब्रिएला कोलमन यांचा 'हॅकर, होक्सर, व्हिसलब्लोअर, स्पाय' (२०१४) हा 'ॲनॉनिमस' या निनावी समूहावरील ग्रंथ टाळून करता येत नाही.

मानववंशशास्त्रज्ञ असलेल्या कोलमन यांची पद्धती सहभागी निरीक्षणाचीच आहे. फक्त गावाच्या जागी संवादकक्ष आणि माणसांच्या जागी टोपणनावे आली आहेत. २००८ मधील सायंटॉलॉजी चर्चविरोधी निदर्शनांपासून त्यांनी या समूहाचा मागोवा घेतला. डिसेंबर २०१० मध्ये विकिलीक्सच्या देणग्या अडविणाऱ्या पेपल, मास्टरकार्ड व व्हिसा या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर हल्ले झाले, त्याही काळात त्या या कक्षांत वावरत होत्या. स्वतःची ओळख त्यांनी लपविली नाही. स्वतःचे नाव मिरविणाऱ्या सभासदाला समूह कसा झिडकारतो, याचे त्यांनी केलेले वर्णन ग्रंथातील सर्वोत्तम भाग होय. कोणत्याही प्रश्नावलीच्या हाती हे लागले नसते.

तथापि, आडोशाला माणूस अधिक खरे बोलतो, हे गृहीतक तपासावे लागते. 'साबू' या नावाने वावरणारा हेक्टर मोन्सेगूर जून २०११ मध्ये पकडला गेला व एफबीआयचा खबऱ्या बनला. मार्च २०१२ मध्ये ते उघड झाले. मधल्या नऊ महिन्यांतील त्याची क्रांतीची भाषा समूहसंस्कृतीचा पुरावा मानायची, की पोलिसी कारवाईचा भाग? याच काळात स्ट्रॅटफॉर कंपनीची माहिती फोडणाऱ्या जेरेमी हॅमंडला पुढे दहा वर्षांचा तुरुंगवास झाला. फसगत कोलमन प्रांजळपणे सांगतात. पण त्या काळातील नोंदींचे मूल्य तिच्यामुळे किती घटते, याचा हिशेब पुरेसा मांडलेला नाही.

त्याऐवजी पुराणकथांतील लबाड, खोडकर देवतेचे रूपक पुढे येते. (मराठी वाचकाला कळलाव्या नारदाची आठवण व्हावी.) रूपक आकर्षक खरे, परंतु त्यात थट्टेखोरही बसतो आणि विश्वासघातकीही. मग ते वेगळे काय करून दाखविते?

बेकायदा बेत जेथे शिजत, तेथून कोलमन दूर राहिल्या. माहिती देणाऱ्यांच्या दृष्टीने हे उचितच होते. मात्र त्यामुळे समूहाच्या सर्वांत आतल्या वर्तुळाचे चित्र त्यांना मुलाखतींवर आणि मागाहून बाहेर आलेल्या संवादनोंदींवर बेतावे लागले आहे.