ऑनलाईन विद्यापीठीय शिक्षणाची गुणवत्ता : प्रसारण की अध्यापन? (बुलडाणा जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
मार्च २०२० मधील टाळेबंदीमुळे ऑनलाईन शिक्षण महाविद्यालयांसाठी ऐच्छिक राहिले नाही. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेली बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालयेही त्यास अपवाद नव्हती. टाळेबंदी संपली, ऑनलाईन शिक्षण मात्र टिकून राहिले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमाने ‘स्वयम्’वरून सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम पूर्ण करण्याची मुभा दिली होती, २०२१ च्या विनियमाने ही मर्यादा ४० टक्क्यांवर नेली. मर्यादा दुप्पट झाली. गुणवत्तेचे काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. विस्मृत पूर्वानुभव :
वर्गाबाहेरील विद्यार्थ्याला शिकविणे महाराष्ट्राला नवे नाही. १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले यांच्या काळात या विद्यापीठाची जी घडी बसली, तिच्या मुळाशी दोन गोष्टी होत्या : स्वयंअध्ययनासाठी मुद्दाम लिहिलेली मराठी पाठ्यपुस्तके आणि अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रे. एकट्याने शिकणाऱ्यास कागदावरचा शिक्षक लागतो आणि अधूनमधून समोरचाही लागतो, हे तेथे गृहीत होते. २०२० नंतरच्या ऑनलाईन अध्यापनात या अनुभवाचा उपयोग अत्यल्प झाला. वर्गातील व्याख्यानच पडद्यावर आले. लेखी साहित्याची जागा सारांशवजा टिपणांनी घेतली.

२. चार अंगे, एकाचेच पोषण :
‘स्वयम्’च्या रचनेत चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा व स्वयंमूल्यमापन ही चार अंगे अभिप्रेत आहेत. रचना निर्दोष आहे. दोष तिच्या वापरात आहे. चित्रफिती मोजता येतात आणि अहवालात दाखविता येतात. विद्यार्थ्याच्या शंकेला किती दिवसांत उत्तर मिळाले, याची नोंद मात्र क्वचितच ठेवली जाते. परिणामी चर्चा हे अंग सर्वाधिक दुबळे राहते. उत्तर न देणारे शिक्षण हे प्रसारण होय, अध्यापन नव्हे.

३. जिल्ह्याचे वास्तव :
२०११ च्या जनगणनेनुसार बुलडाणा जिल्ह्यातील सुमारे ७९ टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय, तर ४ टक्क्यांच्या आसपास कुटुंबांकडे संगणक आढळला. त्यानंतर मोबाईलचा प्रसार झपाट्याने झाला. परंतु मोबाईल हातात असणे म्हणजे अभ्यासाची सोय असणे नव्हे. घाटावर सोयाबीनची सोंगणी आणि घाटाखाली कापसाची वेचणी चालू असताना विद्यार्थीही शेतात राबतो. ध्वनिमुद्रित पाठ अशा विद्यार्थ्यास खरोखर उपकारक ठरतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोद वा संग्रामपूर तालुक्यातील खेड्यात तासाभराच्या चित्रफितीपेक्षा दहा मिनिटांचा श्राव्य पाठ व छापील घटकपुस्तिका अधिक उपयुक्त ठरेल.

४. मूल्यमापन :
आयोगाच्या २०२० च्या विनियमानुसार ऑनलाईन पदवी अभ्यासक्रमांत अंतर्गत मूल्यमापनाचा भार कमाल ३० टक्के व सत्रान्त परीक्षेचा किमान ७० टक्के आहे. अंतर्गत भाग बहुपर्यायी प्रश्नांतच संपविला, तर विद्यार्थ्याचे स्वतःचे एक वाक्यही सत्रभर कोणी वाचत नाही.

५. उपाययोजना :
(अ) प्रत्येक घटकासोबत मराठी लेखी साहित्य अनिवार्य असावे.
(आ) शंकेस उत्तर देण्याची मुदत ठरवून तिची नोंद ठेवावी.
(इ) तालुक्याच्या महाविद्यालयाने आपले ग्रंथालय व संगणककक्ष संपर्ककेंद्र म्हणून खुले करावे.
(ई) एक तरी स्वाध्याय लेखी असावा व तो शेऱ्यांसह परत मिळावा.
(उ) या कामाचे तास प्राध्यापकांच्या कार्यभारात धरावेत. अन्यथा वरील चारही उपाय कागदावरच राहतील.

समारोप :
ऑनलाईन शिक्षणाचा दर्जा यंत्रसामग्रीने ठरत नाही. खेड्यातील विद्यार्थ्याने पाठविलेला प्रश्न शिक्षकापर्यंत पोहोचतो काय आणि त्याचे उत्तर परत येते काय, ही त्याची खरी कसोटी आहे. या कसोटीस न उतरणारी ४० टक्क्यांची मुभा म्हणजे विद्यार्थ्याच्या पदवीतील तेवढाच पोकळ भाग ठरण्याची भीती आहे.