यंत्रावरचे दहा राग

चरणजित सिंग यांची ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही तबकडी १९८२ साली निघाली आणि लवकरच विस्मृतीत गेली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार वाजविणाऱ्या या मुंबईच्या कलावंताने रोलंड कंपनीच्या तीन यंत्रांवर भैरवीपासून बैरागीपर्यंत दहा राग बसविले होते. २०१० साली हॉलंडच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ने ती पुन्हा काढली, तेव्हा पाश्चात्त्य रसिक चकित झाले. शिकागोचे ‘ॲसिड हाउस’ संगीत १९८७ च्या सुमारास गाजले. त्याचा नाद येथे पाच वर्षे आधीच उमटला होता.

हा गौरव आम्हांस अपुरा वाटतो. पहिला मान कोणाचा, हा इतिहासाचा प्रश्न होय. राग उभा राहिला की नाही, हा रसिकाचा. विंझर मुक्कामी आम्ही ललित पहाटे व मालकंस उत्तररात्री मुद्दाम लावून पाहिला. खर्जाच्या यंत्राचा स्वरास्वरांतून घसरणारा नाद मींडेची आठवण देतो आणि रागाची ओळख निःसंशय पटते. परंतु तालयंत्राचा ठोका पहाटे जो, तोच रात्री! आलापास अवकाशच नाही. त्यामुळे रागाचे रूप दिसते, प्रहर उगवत नाही.

तथापि ही रागाची थट्टा नव्हे. यंत्रापुढे जाताना सिंग यांनी स्वर सोडला नाही. २०१५ साली ते निवर्तले. तत्पूर्वी हे पुनरुज्जीवन त्यांना पाहावयास मिळाले. घरची तबकडी परक्याने पुसून हाती द्यावी, ही लाज आपण ती नीट ऐकूनच फेडावी.