रॉस यांच्या चिमण्या : एका आत्मचरित्राचे पुनर्वाचन

हिवतापाचा पाठ शिकवताना आपण सर रोनाल्ड रॉस यांचे नाव घेतो, २० ऑगस्ट १८९७ ही तारीख सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. त्या दिवशी सिकंदराबादेत, हुसेन खान या रुग्णाला चावलेल्या डासाच्या जठरभित्तीत रॉस यांना काळसर रंजककण असलेल्या पेशी दिसल्या, हे खरेच. परंतु डास हा रोग एकाकडून दुसऱ्याकडे नेतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले नव्हते. ते सिद्ध झाले पुढच्या वर्षी, कलकत्त्यात, आणि तेही चिमण्यांवर. १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मेमॉयर्स’ या रॉस यांच्या आत्मचरित्रात ही हकिगत सविस्तर आली आहे. शंभर वर्षे उलटल्यावर शिक्षकाने हा ग्रंथ कसा वाचावा, याचा येथे विचार करू.

ग्रंथाचे मोठे बळ म्हणजे त्यातील पत्रे आणि टिपणे. पॅट्रिक मॅन्सन यांना रॉस भारतातून सतत पत्रे लिहीत असत. त्यांत फसलेले प्रयोग आहेत, चुकीच्या जातीचे डास फाडण्यात गेलेले महिने आहेत, बदलीच्या हुकमांवरचा संतापही आहे. सिकंदराबादच्या शोधानंतर महिनाभरातच त्यांची राजपुतान्यात खेरवाड्याला बदली झाली. १८९८ च्या फेब्रुवारीत ते कलकत्त्यास आले, तेव्हा हिवतापाचे रुग्ण मिळणे अवघड होते. मुंबईत हाफकिन यांनी १८९७ मध्ये प्लेगची लस तयार केली होती. प्लेगच्या आणि टोचणीच्या धास्तीने लोक बोटाला सुई लावू देईनात. म्हणून रॉस पक्ष्यांकडे वळले. चिमण्यांच्या रक्तातला परजीवी हा माणसातील परजीवीचा जवळचा भाऊबंद. त्याला तेव्हा प्रोटिओसोमा म्हणत, आज आपण प्लाझ्मोडियम रेलिक्टम म्हणतो.

येथे झालेला एक प्रयोग प्रत्येक शिक्षकाने फळ्यावर मांडावा असा आहे. रॉस यांनी तीन चिमण्या घेतल्या. एकीच्या रक्तात परजीवी पुष्कळ, दुसरीच्या रक्तात मध्यम, तिसरीच्या रक्तात मुळीच नाहीत. प्रत्येकीला चावलेले दहा-दहा डास त्यांनी फाडून पाहिले. पहिल्या दहांत मिळून १००९ रंजकपेशी सापडल्या, दुसऱ्या दहांत २९२, तिसऱ्या दहांत एकही नाही. तिसरी चिमणी कशाला हवी होती, असे विद्यार्थ्यांना विचारावे. ती नसती तर या पेशी डासाच्या स्वतःच्याच असतील, ही शंका कायम राहिली असती. पहिल्या दोन आकड्यांतील फरक त्याहून पुढचे सांगतो : रक्तात परजीवी जितके अधिक, तितक्या डासात पेशी अधिक.

जुलैच्या सुरुवातीस रॉस यांना या पेशींतून निघालेले सूक्ष्म धाग्यांसारखे जीव डासाच्या लाळग्रंथीत पोचलेले दिसले. मग रक्त तपासून निरोगी ठरवलेल्या २८ चिमण्यांना असे डास चावू दिले, तेव्हा २२ चिमण्यांना लागण झाली. चक्र पूर्ण झाले.

मात्र हे चक्र चिमणीचे होते, माणसाचे नव्हे. टीका करायची ती येथे. चिमण्यांत रोग नेणारा करड्या रंगाचा डास म्हणजे क्युलेक्स. सिकंदराबादचा ठिपकेदार पंखांचा डास म्हणजे ॲनॉफिलिस. ‘करडा’ आणि ‘ठिपकेदार पंखांचा’ यापलीकडे रॉस यांना डासांची शास्त्रीय नावे देता आली नाहीत. मानवी हिवतापाचे चक्र ॲनॉफिलिसमध्ये पूर्ण करून दाखवले ते १८९८ च्या अखेरीस रोममध्ये ग्रासी, बिन्यामी आणि बास्तियानेल्ली यांनी. रॉस तोवर सरकारी हुकमाने काळा आजाराच्या कामाला लागले होते, ही त्यांची अडचण खरी. इटालियनांना वाट त्यांनी दाखवली, हेही खरे. पण वाट दाखवणे आणि मुक्काम गाठणे यांतला फरक हा ग्रंथ मान्य करत नाही. ग्रासी यांच्याविषयीची पाने वाचताना शास्त्रज्ञाऐवजी फिर्यादी बोलत आहे, असे वाटते. १९०२ चे नोबेल पारितोषिक एकट्या रॉस यांना मिळाले होते. तरीही एकवीस वर्षांनंतर कडवटपणा ओसरलेला नाही.

दुसरी उणीव अधिक सलते. डास आणि पक्षी गोळा करण्यात साथ देणारा महंमद बक्ष ग्रंथात येतो, पण नोकर म्हणून. दर डासामागे एक आणा घेऊन स्वतःला चावून घेणारा हुसेन खान केवळ ‘रुग्ण’ राहतो. या दोघांवाचून काम झाले नसते, हे रॉस यांच्याच नोंदींवरून दिसते. श्रेयाच्या वाटणीत मात्र ते नाहीत. वर्गात रॉस यांचे नाव घेताना ही दोन नावेही घेतली, तर शोध कसे लागतात याचे चित्र अधिक खरे होईल.

प्राण्यांतील हिवताप हा आडवाटेचा विषय नाही, हे पुढच्या काळाने दाखवले. १९३२ मध्ये कलकत्त्यातच नोल्स आणि दासगुप्ता यांनी माकडातील एक परजीवी माणसात वाढतो हे दाखवले. प्लाझ्मोडियम नोलेसी हा तोच परजीवी. मलेशियातील बोर्निओत त्याची अनेक माणसांना लागण होत असल्याचे २००४ मध्ये उघड झाले. १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांना परजीवीची यकृतातील अवस्था प्रथम सापडली, तीही माकडात.

नाशिकच्या शिक्षकाला या ग्रंथाचा पडताळा पाहण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. गटारातल्या साचलेल्या पाण्यात क्युलेक्सच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लोंबतात. झाकण नसलेल्या स्वच्छ पाण्याच्या टाकीत ॲनॉफिलिसच्या अळ्या पृष्ठभागाला समांतर पडून राहतात. भिंतीवर बसलेला ॲनॉफिलिस मागची बाजू उंच धरतो, क्युलेक्स भिंतीला समांतर बसतो. हा फरक ज्या विद्यार्थ्याने स्वतः पाहिला, त्याला ग्रासी यांचे काम का आवश्यक होते हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. अळ्या पाहून झाल्यावर ते पाणी कोरड्या मातीवर ओतून टाकायला मात्र विसरू नये.

रॉस यांचे टिपणवहीतले आकडे विश्वासाने वाचावेत आणि त्यांचे निवाडे तपासून घ्यावेत. हा ग्रंथ वाचण्याची हीच रीत योग्य.