शिमोनची रात्रीची नगरदृश्ये आणि ‘वातावरण’

तावीक फ्रान्तिशेक शिमोन (१८७७–१९४२) या चेक मुद्राचित्रकाराने रेखाटलेले रात्रीचे रस्ते पाहताना ‘वातावरण’ या एका शब्दावर विसावण्याचा मोह होतो. हा शब्द स्तुतिपर असला, तरी त्याने विवेचनाचे काम भागत नाही. परिणामाला नाव मिळाले की त्याच्या कारणांचा शोध थांबतो, हा अनुभव वाङ्मयसमीक्षेलाही नवा नाही.

शिमोनच्या बाबतीत ही कारणे ताम्रपटावरच शोधावी लागतात. त्याने हाताळलेल्या अ‍ॅक्वाटिंट पद्धतीत पटावर राळेची पूड पसरून ती उष्णतेने चिकटवितात. कणांमधील उघडी जागा आम्ल खाते व तेथे शाई साठते. आम्लाचा संस्कार जितका दीर्घ, तितका अंधार गडद. जो भाग आरंभीच रोगणाने झाकला जातो, तो कागदावर उजळ राहतो. अशा चित्रातला दिवा काढलेला नसतो, राखलेला असतो. ओल्या फरसबंदीवरचे त्याचे प्रतिबिंब म्हणजे अंधाराला घातलेली मर्यादा होय. वर्णाचे मूल्य जसे इतर वर्णांहून असलेल्या भेदाने ठरते, तसेच येथे उजेडाचे. मऊ लेपावरील एचिंगमुळे रेषा पेन्सिलीसारखी भुरभुरीत उमटते, आणि इमारतींच्या कडा काळोखात सहज विरतात.

यावर एक आक्षेप संभवतो. शिमोन १९०४ ते १९१४ या काळात पॅरिसमध्ये राहिला. १९२६–२७ मध्ये त्याने जगप्रवास केला. प्राग, पॅरिस, न्यूयॉर्क ही नगरे त्याच्या पटांवर उतरली. तेव्हा ही प्रवाशाची दृष्टी असून तिच्या लेखी सर्व नगरांची रात्र एकच, असे कोणी म्हणेल. हा आक्षेप सर्वस्वी निराधार नाही. त्याची माणसे बहुधा पाठमोऱ्या आकृती असतात. त्यांचे सुखदुःख आपल्यापर्यंत पोचत नाही. जेथे रंग केवळ शोभेसाठी येतो, तेथे चित्र स्मरणिकेच्या पातळीवर उतरते. परंतु जेथे अंधाराच्या छटा एकमेकींपासून काटेकोरपणे वेगळ्या राखल्या आहेत, तेथे रस्त्याची खोली, वळण आणि पावसाचा ओलावा त्या छटांतूनच कळतो. तो विशिष्ट रस्ता इतर रस्त्यांहून निराळा ठरतो.

१९२८ पासून प्रागच्या कला अकादमीत अध्यापन करणाऱ्या या कलावंताने १९२१ मध्ये मुद्राचित्रकारांसाठी तंत्रविषयक ग्रंथही लिहिला होता. साधनांविषयीची ही आस्था लक्षात घेता, त्याच्या रात्रीचे मोल तिच्या धूसरतेत नसून त्या धूसरतेमागील नेमकेपणात आहे, असेच म्हणावे लागते.