डॅश सुधारला, पण काय गमावलं?

हायफन जोडतो, डॅश तोडतो, एवढं आपण इंग्रजीच्या तासाला शिकलेलो असतो. लांब डॅश मधला मजकूर बाजूला काढतो किंवा विचाराला मध्येच वळण देतो. हा नियम बरोबरच आहे. पण मग एमिली डिकिन्सनचं काय करायचं? तिच्या हस्तलिखितांत डॅश जागोजागी आहेत, नियमाला न जुमानता.

ती १८८६ मध्ये वारली. १८९० मध्ये मेबल लूमिस टॉड आणि हिगिन्सन यांनी पहिला संग्रह काढला, तेव्हा बहुतेक डॅश जाऊन स्वल्पविराम, पूर्णविराम आले. विरामचिन्हं शुद्ध झाली. पण बघा, जिथे कवयित्री अजून विचार करत होती, तिथे संपादकांनी निकाल देऊन टाकला. पूर्णविराम हा निष्कर्ष असतो, तिचा डॅश म्हणजे चालू असलेला शोध. १९५५ मध्ये थॉमस जॉन्सन यांनी ते डॅश परत आणले.

म्हणून आपण वाटेल तिथे डॅश टाकावा का? नाही. त्या जागी स्वल्पविराम ठेवून वाचावं. काहीच हरवलं नाही, तर तो डॅश आपला आळस होता.